मथळा ठळक केला म्हणजे मथळा झाला, असं नाही

राज्यातल्या महापालिका, जिल्हा परिषदा, विद्यापीठं, मंडळं आणि महामंडळं यांच्या संकेतस्थळांवर मजकूर चढवणारे लिपिक, त्यावर सही करणारे अधिकारी आणि ती संकेतस्थळं बांधून देणारे कंत्राटदार यांस,

स.न.वि.वि.

मी पुण्यात अंध मुलामुलींना संगणक शिकवते. स्वतः जन्मांध आहे. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं स्पर्धा परीक्षांच्या तयारीतली, त्यामुळे त्यांचा बराचसा वेळ तुमच्याच संकेतस्थळांवर जातो. आधी जाहिरात, मग तिचं शुद्धिपत्रक, मग प्रवेशपत्र, उत्तरतालिका, गुणवत्ता यादी, आणि नोकरी लागलीच तर पुढे निवृत्तीपर्यंत शासन निर्णय. इतका नियमित वाचकवर्ग तुम्हाला दुसरा क्वचितच असेल. त्याच्या वतीने हे पत्र.

मागणी एकच आहे. तुमच्या पानावर जे मथळ्यासारखं दिसतं, ते मथळा म्हणूनच टाका. अक्षर मोठं केलं, ठळक केलं, ओळ मध्ये घेतली, खाली रेघ मारली, की पाहणाऱ्याला तो मथळा वाटतो. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या आमच्या यंत्राला, म्हणजे स्क्रीन रीडरला, यातलं काहीच उमगत नाही. त्याच्या लेखी ती इतर ओळींसारखीच एक ओळ असते.

कंत्राटदार मंडळींना यातली तांत्रिक बाजू ठाऊक असते, निदान असायला हवी. पण माझा रोख त्यांच्यापेक्षा लिपिकांकडे आणि सही करणाऱ्यांकडे जास्त आहे. संकेतस्थळ एकदाच बांधलं जातं. मजकूर मात्र रोज चढतो, आणि मथळे बहुधा बिघडतात ते तुमच्या टेबलावर.

आम्ही कसं वाचतो ते आधी सांगते, कारण गैरसमज इथूनच सुरू होतात. स्क्रीन रीडर पान वरपासून खालपर्यंत वाचून दाखवतो, एवढंच बऱ्याच जणांना माहीत असतं. तसं ऐकत बसायला कोणाला वेळ आहे? तुम्ही सकाळी पेपर उघडता तेव्हा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचता का? मथळे चाळता, एखाद्यावर थांबता, बाकीचं सोडून देता. आम्हीही तेच करतो, फक्त बोटांनी. माझे बहुतेक विद्यार्थी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतात, कारण तो फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला आणि पुढे जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. या एनव्हीडीएत पान उघडून ‘एच’ दाबलं की पुढच्या मथळ्यावर उडी पडते. शिफ्ट धरून ‘एच’ दाबलं की मागच्या. १ ते ६ हे आकडे दाबले की त्या त्या पातळीच्या मथळ्यावर जाता येतं. इन्सर्ट आणि एफ७ एकत्र दाबून पानावरच्या सगळ्या मथळ्यांची यादीच समोर घेता येते. जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरमध्येही ‘एच’ हेच बटण आहे. मोबाइलवरच्या टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर या स्क्रीन रीडरमध्ये बोट फिरवून मथळ्यामागून मथळा असं जाता येतं.

हे चारदोन हुशार मुलांचं कसब नाही. अमेरिकेतली वेबएम ही संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांचं सर्वेक्षण वरचेवर करते. लांबलचक पानावर हवी ती माहिती शोधायला सुरुवात कशी करता, या प्रश्नाला ‘मथळ्यांवरून जातो’ असं सांगणारे २०२३-२४ च्या फेरीत ७० टक्क्यांहून जास्त होते. बाकी सगळे उपाय मिळून उरलेल्यांत आले.

माझ्या पिढीतली अंध मुलं कॅसेटवर ऐकून शिकली. शिवकालीन करपद्धतीचा परिच्छेद हवा असेल तर कॅसेट अंदाजाने पुढे पळवायची, थांबवायची, ऐकायची, फार पुढे गेली म्हणून पुन्हा मागे आणायची. मथळे नसलेलं पान म्हणजे अशी कॅसेट. फरक इतकाच, की कॅसेटला निदान दोन बाजू होत्या.

आता एक जाहिरात अगदी जवळून दाखवते. कोणाची ते सांगत नाही, कारण त्यात विशेष काही नाही. अशा शेकड्यांनी निघतात. भरतीची जाहिरात, वेबपानावरच टाकलेली, छापली तर वीसेक पानं भरतील एवढी. माझ्या एका विद्यार्थिनीला तिच्यातून तीन गोष्टी हव्या होत्या. कोणती पदं अंधांसाठी सुनिश्चित केली आहेत, समांतर आरक्षणात दिव्यांगांच्या जागा किती, आणि लेखनिक (सांगितलेली उत्तरं लिहून देणारा मदतनीस) व अनुग्रह वेळ (जादा वेळ) यांची मागणी कशी आणि कधीपर्यंत करायची. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. लेखनिकाची गरज अर्ज भरतानाच नोंदवावी लागते. ती राहिली तर पुढे कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि तासाला वीस मिनिटांची जी जादा वेळ हक्काने मिळायला हवी तिच्यासाठी परीक्षेच्या दिवशी केंद्रप्रमुखाशी वाद घालावा लागतो.

तिने पान उघडलं, ‘एच’ दाबलं. एनव्हीडीए म्हणाला, ‘नो नेक्स्ट हेडिंग’. अख्ख्या पानावर एकही मथळा नाही.

मथळे होते हो, डोळसांसाठी भरपूर होते. सगळ्यात वर, मधोमध, मोठ्या अक्षरांत ‘जा हि रा त’. अक्षरं सुटीसुटी दिसावीत म्हणून टंकलेखकाने प्रत्येक अक्षरानंतर स्पेसबार मारलेला. यंत्र ते ‘जा. हि. रा. त.’ असं वाचतं, पहिलीतल्या मुलाने अक्षरं लावावीत तसं. त्याखाली ‘-: महत्त्वाच्या सूचना :-’. हे यंत्राच्या तोंडून ‘डॅश कोलन महत्त्वाच्या सूचना कोलन डॅश’ असं येतं. पुढे अशाच रेघांकित ठळक ओळी: पदांचा तपशील, शैक्षणिक अर्हता, वयोमर्यादा, शुल्क. लेखनिकाचा परिच्छेद आठव्या मुद्द्याच्या तिसऱ्या उपमुद्द्यात दडलेला होता. डोळस उमेदवाराला तो दोन-तीनदा स्क्रोल करून सापडला असता, कारण ‘दिव्यांग उमेदवारांसाठी’ ही ओळ ठळक होती. हिला तो सापडला बाण दाबत दाबत, शुल्काच्या परताव्याचे नियम, जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर आणि महिला आरक्षणाचा अख्खा इतिहास ऐकून झाल्यावर.

कोणी म्हणेल, शोधायची सोय असते ना, शब्द टाकायचा आणि जायचं. टाकायचा कोणता? एका जाहिरातीत ‘लेखनिक’ असतं, दुसऱ्यात ‘लेखकाची मदत’, तिसरीत ‘स्क्राइब’, चौथीत ‘रायटर’. वेळ कुठे ‘अनुग्रह’ असते, कुठे ‘भरपाई’, कुठे नुसतीच ‘अतिरिक्त’. तुम्ही कोणता शब्द वापरला हे मला पान वाचल्याशिवाय कळणार नाही, आणि पान वाचावं लागू नये म्हणूनच तर शोधायचं आहे. शिवाय ‘जाहिरात’ हा शब्द शोधला तर ‘जा हि रा त’ कोणालाच सापडत नाही, डोळसालासुद्धा नाही. अक्षरांत अंतर हवंच असेल तर फॉन्टच्या सेटिंगमधून द्या. स्पेसबारने देऊ नका.

दुसरा प्रकार याच्या बरोबर उलट आहे. संकेतस्थळाचं ‘नूतनीकरण’ झालं, की तो हमखास भेटतो. इथे मथळ्यांची नुसती रेलचेल असते. ‘एच’ दाबलं की पहिल्यांदा मा. अमुक, मग मा. तमुक, मग आणखी एक मा. सगळ्या मान्यवरांची नावं फोटोखाली मथळा म्हणून टाकलेली असतात. त्यांचं दर्शन झालं की सरकत्या पट्टीतल्या बातम्या येतात, प्रत्येक बातमी स्वतंत्र मथळा. मग वर फिरणाऱ्या चित्रांवरची घोषवाक्यं, मग ‘उपयुक्त दुवे’, मग ‘संपर्क’, आणि सर्वांत शेवटी ‘भेट देणाऱ्यांची संख्या’, तोही मथळा. ज्या योजनेसाठी आलो तिचा मजकूर मात्र पानाच्या पोटात बिनमथळ्याचा पडलेला. या पानावर मथळे नाहीत असं तपासणारं सॉफ्टवेअरही म्हणणार नाही. ते मोजतं, आणि मोजणीत हे पान उत्तम भरतं.

असं का होतं हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. वेबच्या भाषेत मथळ्यांच्या सहा पातळ्या आहेत, एच१ ते एच६. टिम बर्नर्स-ली यांनी सुरुवातीला, १९९१ च्या सुमारास, ज्या थोडक्या खुणा ठरवल्या त्यांतच या सहा होत्या. पानाची सजावट वेगळी लिहिण्याची सीएसएस ही पद्धत प्रमाण म्हणून आली १९९६ च्या अखेरीस. मधली काही वर्षं अक्षर मोठं करायचं तर मथळ्याची खूण हाच सोपा मार्ग होता. तेव्हाची सवय अजून गेलेली नाही. डिझाइन करणाऱ्याला फोटोखालचं नाव मध्यम आकाराचं हवं असतं, एच४ चा आकार त्याला बरा वाटतो, की टाकला एच४. आकार ठरवणं हे सीएसएसचं काम आहे. एच४ म्हणजे ‘हा भाग वरच्या एच३ च्या पोटातला आहे’ असं आम्हाला दिलेलं वचन.

कंत्राटदारांसाठी एक तळटीप. प्रत्येक विभागात पुन्हा एच१ टाकला तरी ब्राउझर त्याची पातळी आपोआप लावून घेईल, असं एचटीएमएल५ च्या काळात पुष्कळांनी शिकवलं. एचटीएमएलच्या मानकात तशी योजना होती खरी, पण एकाही ब्राउझरने ती धड अमलात आणली नाही, आणि २०२२ मध्ये ती मानकातूनच काढून टाकण्यात आली. तुमचे जुने साचे अजून त्या भरवशावर उभे असतील तर ते बदला.

पातळ्या लावणं अवघड नाही. जाहिरातीचंच उदाहरण घ्या. जाहिरातीचं पूर्ण नाव, पद आणि क्रमांकासह, हा एच१. त्याखाली पदांचा तपशील, पात्रता, आरक्षण, अर्ज कसा करायचा, परीक्षा, हे एच२. आरक्षणाच्या पोटात महिला, खेळाडू, दिव्यांग, माजी सैनिक, अनाथ, हे एच३. दिव्यांगांच्या खाली ‘लेखनिक आणि अनुग्रह वेळ’ हा एच४. एवढं केलं असतं तर माझी विद्यार्थिनी यादी उघडून ‘ले’ टाइप करून तिथे पोचली असती. तुम्ही मजकूर जसा मनात मांडता, १, १.१, १.१.१ असे आकडे घालता, तीच उतरंड यंत्राला सांगायची आहे. नवीन काही रचायचं नाही.

पातळ्यांचा कर्मठपणा करा असं मात्र मी म्हणणार नाही. एच२ नंतर चुकून थेट एच४ आला, किंवा पानावर दोन एच१ झाले, तर आकाश कोसळत नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूसीएजी या सुगम्यता मानकांतही एवढ्या कारणावरून पान नापास होत नाही. मला अशा तपासणी अहवालांचा कंटाळा आला आहे ज्यांत पातळी सुटल्याच्या तक्रारी पानभर असतात आणि खरा मजकूर बिनमथळ्याचा आहे याचा उल्लेखही नसतो. आधी मथळा मथळा होऊ द्या. नीट उतरंड त्याच्या मागून लावता येते.

मथळ्यात काय लिहिलं आहे, त्यालाही तितकंच महत्त्व आहे. यादीत ‘माहिती’, ‘इतर’, ‘टीप’, पुन्हा ‘माहिती’, ‘सूचना’, पुन्हा ‘इतर’ असे मथळे ओळीने ऐकू आले तर त्यातून कोणाला काय कळणार? पान बघणाऱ्याला ‘माहिती’च्या आजूबाजूचं दिसत असतं. आमच्यासाठी यादीत मथळा एकटा उभा असतो. ‘अर्ज कोण करू शकतं’, ‘सोबत कोणती कागदपत्रं लागतील’, ‘शेवटची तारीख’ असं लिहा. डोळस वाचकही दुवा देतील.

शासन निर्णयांबद्दल लिहायला मला आवडेल, कारण तिथे तुमच्याच घरात उत्तम नमुना आहे. वर विषय, मग विभाग, क्रमांक आणि दिनांक, मग ‘वाचा’, मग ‘प्रस्तावना’, मग ‘शासन निर्णय’, शेवटी ‘राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ आणि प्रतींची यादी. वर्षानुवर्षं हा क्रम ठरलेला आहे. मंत्रालयात कोणी बसवला माहीत नाही, पण ज्याने बसवला त्याला रचनेची जाण होती. मुरलेला माणूस ‘वाचा’ आणि ‘प्रस्तावना’ ओलांडून थेट ‘शासन निर्णय’वर जातो, कारण कामाचं तिथून पुढे असतं. ही उडी आम्हालाही मारायची आहे. ती मारता येत नाही, याचं कारण ती फाइल पीडीएफ कशी झाली यात आहे.

म्हणून लिपिक बंधूभगिनींनो, हा भाग खास तुमच्यासाठी. वर्डमध्ये ‘प्रस्तावना’ ही ओळ टाइप केलीत की ती निवडून कंट्रोल-बी, कंट्रोल-यू दाबता. त्याऐवजी ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल-ऑल्ट-१ दाबा, पोटमथळ्यासाठी कंट्रोल-ऑल्ट-२. वर ‘स्टाइल्स’च्या पट्टीत ‘हेडिंग १’ म्हणून जे दिसतं तेच हे. त्याचा मूळ निळसर रंग आवडला नाही, मध्ये हवा, रेघ हवी, तर त्या नावावर राइट-क्लिक करून ‘मॉडिफाय’मध्ये एकदाच बदलून घ्या. पुढच्या सगळ्या मथळ्यांना ते रूप आपोआप लागतं. हाताने ठळक करत बसण्यापेक्षा हे काम कमी आहे. शिवाय चाळीस पानी परिपत्रकाची अनुक्रमणिका वर्ड स्वतः तयार करून देतो, आणि साहेबांनी ऐन वेळी दोन परिच्छेद वाढवले तरी पानांचे आकडे पुन्हा हाताने बसवावे लागत नाहीत.

मग फाइल पीडीएफ करताना ‘सेव्ह ॲज’ किंवा ‘एक्स्पोर्ट’ने करा. ‘प्रिंट’ देऊन प्रिंटरच्या जागी पीडीएफ निवडली की सगळ्या मथळ्यांच्या खुणा सहसा गळून पडतात, मागे उरतं ते दिसणं. ‘सेव्ह ॲज’च्या ‘ऑप्शन्स’मध्ये रचनेच्या खुणा ठेवण्याचा एक चौकोन असतो, त्यात टिक असू द्या. आणि छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून चढवलेली पीडीएफ म्हणजे फोटो. त्यात मथळाच काय, अक्षरसुद्धा नसतं. डिजिटल स्वाक्षरीची सोय असताना हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? तीच गत जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टची. कृतिदेवात टाइप केलेला मजकूर कागदावर मराठी दिसतो, पण फाइलच्या पोटात ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची मिसळ असते. यंत्र जे वाचतं ते ऐकून माझे विद्यार्थी आधी हसतात.

संकेतस्थळावर थेट मजकूर टाकत असाल, वर्डप्रेस असो की दुसरं काही, तिथेही ‘पॅराग्राफ’च्या शेजारी ‘हेडिंग’ निवडायची सोय असते. वर्डमधून मजकूर चिकटवलात तरी वर्डमधले खरे मथळे बहुधा मथळे म्हणूनच तिकडे उतरतात. हाताने ठळक केलेले नुसते ठळक म्हणून उतरतात. म्हणजे टेबलावर एकदा नीट केलं की पुढचं निम्मं काम आपसूक होतं.

बऱ्याच सरकारी संकेतस्थळांच्या माथ्यावर ‘अ+’, ‘अ-’, काळी पार्श्वभूमी आणि ‘स्क्रीन रीडर प्रवेश’ अशी बटणं असतात. शेवटच्या बटणामागे स्क्रीन रीडर कुठून उतरवून घ्यावा याची यादी मिळते. ज्याच्याकडे स्क्रीन रीडर नाही तो अंध माणूस त्या पानापर्यंत पोचणार कसा, आणि जो पोचला त्याला यादी कशाला, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता. अक्षर मोठं करण्याची सोय ब्राउझरमध्येच असते. अलीकडे कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं चित्र असलेलं एक बटण विकत घेण्याची टूम निघाली आहे. ते लावलं की संकेतस्थळ ‘सुगम्य’ झालं असं विक्रेता सांगतो. पण ज्या ओळीला तुम्ही मथळा म्हटलेलंच नाही, ती मथळा आहे हे त्या बटणाला कोण सांगणार? ते फार तर अंदाज बांधेल, आणि त्या अंदाजाचं वार्षिक शुल्क तुम्ही भराल.

आता अधिकारीवर्गासाठी, कारण फाइलवर आधार लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुगम्य स्वरूपात देण्यासाठी पावलं उचलण्याची जबाबदारी शासनावर टाकतं. सरकारी संकेतस्थळांसाठीची जीआयजीडब्ल्यू ही मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. ती डब्ल्यूसीएजी २.१ च्या ‘एए’ पातळीवर आधारलेली आहे. तिथला १.३.१ हा निकष सांगतो, की डोळ्यांना मांडणीतून जे कळतं ते यंत्रालाही कळेल असं असावं. तो ‘ए’ पातळीचा, म्हणजे किमानातला किमान. मथळ्याने विषय सांगितला पाहिजे हा २.४.६, तो ‘एए’. ‘मार्गदर्शक’ आहेत म्हणजे ऐच्छिक आहेत, हा युक्तिवादही आता चालत नाही. राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी याच अधिनियमाखालच्या २०१७ च्या नियमांतल्या नियम १५ ची शिफारशीवजा भाषा कायद्याशी विसंगत ठरवली आणि सुगम्यतेची किमान मानकं बंधनकारक हवीत असं सांगितलं. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हे संविधानाच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानलं. त्या प्रकरणातला एक याचिकाकर्ता अंध वकील होता.

निविदांमध्ये ‘संकेतस्थळ जीआयजीडब्ल्यूशी सुसंगत असावे’ असं एक वाक्य हल्ली असतं. ते वाक्य कोणी तपासत नाही. माझी सूचना अशी, की अंतिम देयक काढण्यापूर्वी तुमच्याच कार्यालयातल्या संगणकावर एनव्हीडीए बसवा, संकेतस्थळाची दहा पानं उघडा आणि प्रत्येकावर इन्सर्ट-एफ७ दाबून मथळ्यांची यादी बघा. ती यादी त्या पानाची अनुक्रमणिका वाटली तर देयक काढा. मान्यवरांची हजेरी वाटली, किंवा यादी रिकामी निघाली, तर थांबवा. याला तज्ज्ञ लागत नाही. मुखपृष्ठ त्या दहांत धरू नका, ते सगळेच नीट करून दाखवतात. योजना, जाहिराती, नागरिकांची सनद, निविदा अशी आतली पानं घ्या. आणि ही तपासणी वर्षातून एकदा पुन्हा करा. प्रमाणपत्र मिळालं त्या दिवशी संकेतस्थळ चांगलं असतं. पुढच्या सोमवारी कोणीतरी घाईत एक शुद्धिपत्रक चढवतं, मग दुसरं, आणि सहा महिन्यांत प्रमाणपत्र तेवढं भिंतीवर उरतं.

एवढं सगळं मूठभर लोकांसाठी करायचं का, असं एका बैठकीत मला तोंडावर विचारलं गेलं होतं. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात दृष्टिदोष नोंदवलेल्यांची संख्या साडेपाच लाखांच्या वर होती. त्यानंतर जनगणना झालेली नाही, माणसांची वयं मात्र वाढली आहेत. त्यांखेरीज जे पडदा चौपट मोठा करून वाचतात आणि एका वेळी चार शब्द पाहतात त्यांना, मोबाइलवर अंगठ्याने पान सरकवणाऱ्या आईबापांना, आणि तुमच्याच योजना शोधून दाखवणाऱ्या गुगललाही खऱ्या मथळ्यांचा उपयोग होतो. पण हा मुद्दा मी शेवटी आणि नाइलाजाने मांडते. डोळसांचा फायदा दाखवल्याशिवाय अंधांचं काम होऊ नये, हे मला पटत नाही.

तुमच्या कार्यालयात येऊन हे सगळं करून दाखवायला मी आणि माझे काही माजी विद्यार्थी तयार आहोत. अर्ध्या दिवसात होतं. संकेतस्थळ सुरू करण्याआधी आमच्याकडून तपासूनही घ्या, फक्त त्या कामाचं मानधन निविदेच्या अंदाजपत्रकात धरा. डिझाइनवाल्याला, फोटोवाल्याला आणि उद्घाटनाच्या मंडपवाल्याला पैसे मिळतात. अंध तपासनिसाला शाल-श्रीफळ देऊन पाठवू नका. नोकरीच्या शोधात असलेली, हे काम चोख करणारी मुलं माझ्याकडे आज बसलेली आहेत, आणि तुमचीच जाहिरात वाचायचा प्रयत्न करत आहेत.

कळावे,

आपली,
एक अंध संगणक-शिक्षिका, पुणे